थंड अंड्याचा निकाल

"तिथं आता कुणी नाही, एवढंच मी म्हणतोय," नवरा म्हणाला. "शरीर आहे, श्वास चालू आहे. पण जिला आपण आई म्हणत होतो ती जाणीव तिथं उरलेली नाही. हे मी तुला चौथ्यांदा सांगतोय."

"तिथं म्हणजे कुठं?" तिनं विचारलं. "मागच्या खोलीतच ना? आज गेला होता का तुम्ही मागच्या खोलीत?"

"प्रश्न तो नाही."

"माझा तोच आहे."

टेबलाच्या एका टोकाला लेक परीक्षेचं पुस्तक उघडून बसली होती आणि अर्ध्या तासात तिनं एकही पान उलटलं नव्हतं. टेबलाच्या मधोमध एक कागद पडला होता. त्यावर डॉक्टरनं त्या सकाळी दोन शब्द लिहून दिले होते : प्रतिसाद नाही. खाली नवऱ्याची सही होती. नणंदेची उद्या व्हायची होती. आणि परवा, गुरुवारी सकाळी, शहराबाहेरच्या शुश्रूषागृहाची गाडी येऊन सासूबाईंना घेऊन जाणार होती. तिथं एका लांबलचक दालनात असे प्रतिसाद नसलेले लोक ओळीनं ठेवलेले असतात. त्या दालनातून कुणी घरी परत आल्याचं ऐकिवात नव्हतं.

"मला काय आनंद होतोय असं वाटतं का तुला?" नवरा म्हणाला.

"आनंद काय नि दुःख काय, व्हायला आधी जवळ जाऊन बसावं लागतं."

"तू भावनेच्या भरात बोलतेयस."

हे मात्र तिला झोंबलं. कारण सासूबाईंबद्दल तिच्या पोटात माया नव्हती, आणि हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. लग्न होऊन आली त्याच दिवशी सासूबाईंनी तिचं नाव 'कोंबड्यांची दाई' ठेवलं होतं. कामावरून आल्यावर अंघोळ केल्याशिवाय तिनं स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, हा नियम वीस वर्षं पाळला गेला. तिचे केस वाढले, गळले, पांढरे झाले, तरी सासूबाई येता-जाता तिच्या भांगाकडे बघत आणि म्हणत, "भांग वाकडा म्हणजे डोकं वाकडं." त्यांचा स्वतःचा भांग पट्टी लावून काढल्यासारखा असे. एक्याऐंशीव्या वर्षापर्यंत त्यांनी दुसऱ्या कुणाला आपल्या केसांना हात लावू दिला नव्हता. पाच महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, तोंडचे शब्द गेले, आणि मग ते केस सुनेच्या हाती आले.

"भावना बाजूला ठेवा," ती म्हणाली. "डॉक्टर आला तेव्हा इथं कोण होतं?"

"मी होते," लेक पहिल्यांदाच बोलली. "साडेसातला आले. पाच मिनिटं होते. आजीच्या डोळ्यांत बॅटरी मारली, नख दाबलं, हाक मारली. 'काय गारठा आहे या खोलीत' म्हणाले आणि गेले. कोटसुद्धा काढला नव्हता त्यांनी."

ती लेकीकडे बघत राहिली. नवरा कागदाची घडी घालू लागला. त्याला रविवारच्या व्याख्यानाची तयारी करायची होती. विषय होता : जीव आणि जाणीव यांचा उगम.

तिला घरात बहुतेक वेळा 'अगं' म्हणत. कामावर तिला दिवेवाली म्हणत. शहराच्या टोकाला कोंबडीची अंडी उबवण्याचं एक केंद्र होतं, तिथं ती तेविसाव्या वर्षी लागली आणि आता एकोणपन्नास वर्षांची होती. काम एकच. अंधाऱ्या खोलीत एक दिवा, दिव्याला पत्र्याचं झाकण, झाकणाला अंड्याएवढं भोक. त्यावर अंडं धरायचं आणि बघायचं. रिकामं अंडं नुसतं पिवळं उजळतं. मेलेल्यात लाल कडं दिसतं. जिवंतात कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा पसरलेल्या असतात आणि मधोमध काहीतरी हलत असतं. रिकामं आणि मेलेलं यांच्यावर लाल फुली मारून बाजूला काढायचं. सव्वीस वर्षं हेच. तिचे डोळे अंधाराला इतके सरावले होते की दुपारी रस्त्यावर आली की ती कपाळावर हात धरून चालायची, आणि लोकांना वाटायचं बाई कुणाला तरी शोधतेय.

तिचा नवरा तिला तिथंच भेटला. तो शाळेत शास्त्र शिकवायचा आणि एकदा मुलांना केंद्र दाखवायला घेऊन आला. मुलं पिल्लांच्या खोलीत गेली, हा मात्र दिव्यापाशी थांबला आणि त्यानं विचारलं, "बाई, यात जीव नेमका कधी येतो?"

ती म्हणाली, "साहेब, जीव येत नाही. तो असतोच. आम्ही नुसती ऊब देतो."

त्यानं ते वाक्य तिथल्या तिथं वहीत उतरवून घेतलं. तिला तेव्हा त्याचं फार अप्रूप वाटलं; आपलं बोलणं कुणी वहीत लिहितं म्हणजे काय. वर्षभरात लग्न झालं. पुढं ते वाक्य तिनं त्याच्या तोंडून कितीतरी वेळा ऐकलं. व्याख्यानात ते 'माझ्या निरीक्षणात असं आलं आहे की' या शब्दांनी सुरू व्हायचं.

निवृत्त झाल्यापासून दर रविवारी त्याच्याकडे चार-पाच जणांची बैठक भरे. पुढची खोली त्यांना लागे. झटक्यानंतर सासूबाईंची खाट तीन महिने याच खोलीत होती, खिडकीपाशी, उन्हात. मग नवरा म्हणाला, आजारी माणसासमोर मोकळेपणानं बोलता येत नाही, आणि खाट मागच्या खोलीत गेली. मागची खोली म्हणजे घरातली अडगळ. तिला ऊन माहीत नव्हतं. एक भिंत पावसाळ्यात धरलेली ओल पुढच्या पावसाळ्यापर्यंत सोडत नसे. खाट तिकडे गेली तेव्हा थंडीचे दिवस सुरू झाले होते. तिनं विरोध केला होता, पण केला म्हणजे काय, दोनदा बोलली आणि जास्तीचं एक पांघरूण घालून कामावर गेली. हे तिचं तिला खुपत होतं.

बैठकीत मोठमोठ्या गोष्टी चालत. एक निवृत्त अभियंता म्हणायचा की समुद्रात वीज पडली आणि त्यातून पहिला जीव झाला. औषधाच्या दुकानवाल्याचं म्हणणं, बी आकाशातून पडलं. एकाला तर दगडातही थोडी जाणीव असावी असं वाटायचं. आणि नवरा समारोप करायचा की पदार्थाची गुंतागुंत एका मर्यादेपलीकडे गेली की त्याला 'मी आहे' असं वाटू लागतं, तीच जाणीव. ती चहा घेऊन आत-बाहेर करताना ऐकायची. तिला ऐकायला आवडायचंही. पण तिनं जे रोज बघितलं होतं ते यात कुठं बसत नव्हतं. चौथ्या दिवशी एक लाल ठिपका उडायला लागतो. त्याच्या आधी बोट ठेवून दाखवावं असं काही नसतं, तरी अंडं म्हणजे दगड नव्हे. दगडाला तीन आठवडे ऊब दिली तर गरम दगड मिळतो. आणि पुढं, आठव्या-नवव्या दिवशी, दिव्यावर धरलं की आतलं ते बोटाएवढं काहीतरी अंग चोरतं. उजेडापासून लांब जातं. त्याला डोळे धड नाहीत, पिसं नाहीत, आपण कोंबडी आहोत की काय हे ठाऊक नाही. त्याला एवढंच कळतं : हे नको.

'मी आहे' हे मागाहून. आधी 'नको'. कपबश्या विसळताना तिच्या मनात हे आलं, आणि एका रविवारी चहा ठेवताना तिनं ते बोलून टाकलं. मग औषधवाला हसून म्हणाला, "वा वहिनी, तुम्ही तर आमच्याही पुढं गेलात. आणखी अर्धा कप मिळेल का?"

तिनं अर्धा कप दिला. नवऱ्यानं त्या रात्री वहीत काहीतरी लिहिलं. ते काय असेल हे बघायला ती गेली नाही.

कोट काढला नव्हता. मंगळवारी रात्रीचं आवरताना लेकीचं ते वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. ती मागच्या खोलीत गेली. सासूबाई उताण्या पडल्या होत्या, तोंड किंचित उघडं. तिनं पांघरुणाखाली हात घालून पोटऱ्या चाचपल्या आणि हात तिथंच राहिला. असा गार स्पर्श तिच्या हाताला ओळखीचा होता.

केंद्रात लागल्याला तिसरं वर्ष होतं. एका रात्री वीज गेली आणि उबवणीचं यंत्र पहाटेपर्यंत बंद पडलं. सकाळी ती एकटीच होती, मुकादम रजेवर. तिनं एकेक अंडं दिव्यावर धरलं. शिरा होत्या, पण हालचाल कुठंच नव्हती. तिनं ट्रेमागून ट्रे फुल्या मारल्या आणि सगळी मागच्या खड्ड्यात टाकायला लावली. संध्याकाळी म्हातारा मुकादम आला. त्यानं ऐकून घेतलं, खड्ड्यातून एक न फुटलेलं अंडं उचललं, काखेत धरलं आणि खड्ड्याच्या काठावर बसून राहिला. अर्धा-पाऊण तास गेला. तीही उभी. मग त्यानं ते दिव्यावर नेऊन धरलं, आणि आतल्यानं लाथ मारली.

"थंड अंड्याचा निकाल लावू नये, पोरी," मुकादम म्हणाला. "तू मेलेलं बघितलं नाहीस. तू थंड बघितलंस."

ती दोघं खड्ड्यात उतरून धड असलेली अंडी वेचत बसली. बरीच फुटलेली होती. ही गोष्ट तिनं आयुष्यात एकाच माणसाला सांगितली, नवऱ्याला, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी. त्यानंतर काही महिन्यांनी ग्रंथालयात त्याचं व्याख्यान होतं. ती मागच्या रांगेत मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. तो म्हणाला, "निरीक्षणात दोष कसा राहतो पाहा. एका अंडी उबवणी केंद्रात एक अशिक्षित कामगार स्त्री होती..." लोक हसले. पुढं दर व्याख्यानात हसत आले. तिचं शिक्षण शाळा संपेपर्यंत झालेलं होतं, पण हा मुद्दा ती कुणापाशी मांडणार.

बुधवारी सकाळी तिनं केंद्रात फोन करून रजा घेतली. नवरा ग्रंथालयात गेल्यावर तिनं लेकीला हाक मारली, "पुस्तक मीट आणि खाटेचं ते टोक धर."

"बाबा ओरडतील."

"ओरडू देत. त्यांना सराव आहे व्यासपीठाचा."

खाट दारात अडकली. लेक म्हणाली, "इकडे आणताना बाबांनी दार बिजागरीतून काढलं होतं." मग दोघींनी ते दार काढलं. घाम गाळून खाट पुढच्या खोलीत खिडकीपाशी आली. आदल्या संध्याकाळी पिशवीत राहिलेली केंद्रातली तापमापी तिनं सासूबाईंच्या काखेत ठेवली आणि पाच मिनिटांनी उजेडात धरून वाचली. चौतीसला थोडं वर. अंड्याला साडेसदतीस लागतात. अंड्याचा पारा अर्ध्या अंशानं उतरला तरी केंद्रात धावपळ होते. इथं घरचं माणूस तीन अंशांनी उतरलं होतं आणि घरात रविवारच्या भाषणाची टिपणं चालली होती.

ऊब एकदम देत नाहीत. एकदम दिली की कवचाला घाम फुटतो आणि आतला जीव गुदमरतो. तिनं खोलीतला हीटर लावला, पण लांब. बाटल्यांत कोमट पाणी भरून टॉवेलात गुंडाळल्या, आधी कुशीशी ठेवल्या, पायांशी मागाहून. दुपारी एकला पारा पस्तीसवर आला. चमच्यानं कोमट दूध दिलं. निम्मं ओघळलं, निम्मं गेलं. लेक स्टुलावर बसून वाचत होती आणि मधूनच विचारत होती, "आई, काही झालं नाही तर?"

"तर फुली मारीन. मला मारता येते फुली. पण थंडावर नाही."

चार वाजता साडेछत्तीस. ओठांचा निळेपणा गेला होता. तिनं हाक मारली नाही, डोळ्यांत बॅटरी मारली नाही. ती कंगवा घेऊन उशाशी बसली, विंचरून झाल्यावर कंगव्याचं टोक डाव्या कानावर टेकवलं आणि भांग काढला, तिरका, डोक्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, बघवणार नाही असा.

बराच वेळ काही झालं नाही. मग पांघरुणाखाली काहीतरी सरकलं. डावा हात बाहेर आला, उशीवरून हळूहळू फरपटत वर चढला आणि कंगव्यावर आपटला. कंगवा खाली पडला. सासूबाईंनी डोळे उघडले आणि सुनेकडे बघितलं. तीच नजर. बावीस वर्षांत ती नजर बघून बरं वाटण्याची ही पहिलीच वेळ होती.

"आजी," लेक म्हणाली, आणि स्टुलावरून उठून खाटेशी आली.

सुनेनं भांग मोडला आणि सरळ काढला. हात उशीवर पडून राहिला. तिनं पुन्हा वाकडा काढला. हात उठला. एकाच अंड्यावर तीनदा दिवा धरून खात्री करावी तशी तिनं तीनदा खात्री केली. मग सासूबाईंचा भांग पट्टीसारखा सरळ काढला, केस बांधले, आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून दोन मिनिटं उभी राहिली. दोन महिने. दोन महिने ही बाई त्या खोलीत गारठत होती. बाहेर पाच माणसं जाणीव कुठून येते याचा शोध घेत होती, आणि आपण त्यांना चहा देत होतो.

पाचला नवरा आणि नणंद बरोबरच आले. नणंद दोन तासांच्या अंतरावर राहायची, डोळे सुजवूनच आली होती. खाट पुढच्या खोलीत बघून नवरा उंबऱ्यातच थांबला.

"हे काय?"

"आई आहेत," ती म्हणाली. "बसा."

तिनं नणंदेच्या हातात कंगवा दिला. "वन्सं, वाकडा भांग काढा त्यांचा."

"वहिनी, आता हे काय..."

"काढा तर."

नणंदेनं भीत भीत कंगवा टेकवला. हात वर आला आणि नणंदेच्या मनगटावर चापट बसली. जोर नव्हता, पण चापट होती. नणंद खाटेच्या कडेवर बसली. "दादा, तिनं मला मारलं," ती म्हणाली, आणि रडता रडता हसायला लागली. "लहानपणी मारायची तसंच मारलं रे."

नवऱ्यानं चष्मा पुसला. "ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे," तो म्हणाला. "स्पर्श झाला की स्नायू..."

"सरळ भांगाला का होत नाही मग?"

"सवयीचा ठसा असतो मेंदूत. त्याला जाणीव म्हणता येत नाही."

"मग तुमच्यात नि माझ्यात सवयीच्या ठशाखेरीज काय आहे, ते सांगा. मी सकाळी उठते, चहा करते, तुम्ही बोलता, मी ऐकते. माझ्यात तरी कुणी आहे का, हे कसं ठरवलंत तुम्ही?"

"विषय भरकटतोय."

"भरकटत नाही. रविवारी तुमचा विषय हाच आहे." ती आवाज न चढवता बोलत होती आणि त्यामुळंच लेक तिच्याकडे घाबरून बघत होती. "ती अशिक्षित बाईची गोष्ट तुम्ही किती वेळा सांगितलीत हो? लोक हसतात ती. थंड अंडी बघून मेलेली म्हणणारी. मी चोविसेक वर्षांपूर्वी एकदा ती चूक केली, तेव्हा मी पोरगी होते आणि मला कुणी शिकवलं नव्हतं. तुम्हाला तर पाठ आहे. तुम्ही टाळ्या घेतल्यात त्या गोष्टीवर. आणि स्वतःच्या आईला गारठ्यात ठेवून वर डॉक्टर बोलावलात. त्याला तिथं कोट काढवला नाही, हे ऐकूनही तुम्हाला काही कळलं नाही?"

नवऱ्याचे दोन्ही हात कोटाच्या खिशात होते.

"घ्या," ती म्हणाली आणि कंगवा त्याच्यापुढे धरला. "तुमचं तुम्ही निरीक्षण करा. एकदा तरी तुमचं स्वतःचं असू दे."

त्यानं कंगवा घेतला नाही. त्यानं आईकडे बघितलं, आणि सासूबाई त्याच्याकडेच बघत होत्या. मग त्यांनी मान भिंतीकडे फिरवली. हळूहळू, जमेल तेवढीच.

नणंदेनं सही करायला आणलेलं पेन पुन्हा पर्समध्ये टाकलं. सुनेनं टेबलावरचा तो कागद उचलला, पण फाडला वगैरे नाही. कोमट पाण्याची एक बाटली टेबलावर वळं उमटवत होती, तिच्याखाली घडी घालून ठेवला. मग ती सगळ्यांकडे तोंड करून उभी राहिली.

"शुश्रूषागृहाला मी फोन केलाय, उद्या गाडी येणार नाही," ती म्हणाली. "आई इथंच राहतील, याच खोलीत, खिडकीपाशी. रविवारी ज्यांना यायचं त्यांनी मागच्या खोलीत बसावं, स्वेटर घालून यावं. केंद्रातून मी महिन्याची रजा घेतलीये. दिवसा मी बघेन. रात्री तुम्ही. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. अंडीसुद्धा आम्ही दर तासाला फिरवतो. आज रात्रीपासून."